ओपल टॅकेटचं ‘मान्य आहे’

ओपल टॅकेट गाडी घेऊन वाचनालयाच्या आवारात शिरली तेव्हा पुस्तकं परत टाकायच्या पेटीशेजारची जागा तिच्यासाठी मोकळी सोडलेली होती. बर्फाच्या वादळानं मोबाइलचा मनोरा आडवा झाल्यापासून सगळं स्टोनी फोर्क गाव वाय-फायसाठी इथं येऊन गाड्यांमध्ये बसत होतं. पेटीजवळ सिग्नल सर्वांत चांगला लागतो हे सगळ्यांना माहीत होतं. ज्याचं काम अडलेलं असेल त्याला ती जागा द्यायची, असं कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं. आज ओपलचं काम अडलंय, हेही कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. या खोऱ्यात तसं सांगावं लागत नाही.

आठ वर्षांच्या नातीला, मेझीला, तिनं आत ग्रंथपाल गेनेलजवळ बसवलं. आत जनरेटर घरघरत होता, अर्धं गाव ऊब घ्यायला आलं होतं आणि पोरांचा कालवा चालला होता. तिथून कोर्टाशी बोलणं शक्यच नव्हतं. ओपल गाडीत परतली, हीटर लावला, लॅपटॉप मांडीवर घेतला. शेजारच्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरातलं कोर्ट आज ठरवणार होतं, मेझी कुणाकडे राहायची. आजीकडे इथं, की दुसऱ्या आजीकडे तिथं. नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं, गैरहजर राहिलात तर तुमच्याविना निकाल दिला जाईल.

ओपलनं सारा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला; तिथं जेवलेल्या पोरांसाठी ती म्हातारपणीही ‘मिस ओपल’च होती. खाणीची धूळ छातीत साठून नवरा गेला तेव्हाही चौथ्या दिवशी ती पोरांना घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव वाढायला उभी होती. मुलगी क्रिस्टल नशेच्या गोळ्यांच्या नादाला लागली, सध्या लेक्सिंग्टन शहरात उपचार घेत होती. क्रिस्टलची मेझी ओपलजवळ आली तेव्हा तिला चालताही येत नव्हतं; पहिला शब्द शिकली तो ‘मामॉ’, म्हणजे आजी. बाप कोडी मध्येच उगवायचा, मध्येच नाहीसा व्हायचा. अशाच एका फेरीत त्यानं ओपलचा पासवर्ड पाहून ठेवला आणि पुढं कित्येक महिने तिचे निरोप वाचत राहिला. एका वाईट रात्री तिनं चर्चमधल्या मैत्रिणीला लिहिलं होतं, ‘मला आता हे झेपत नाही.’ तेवढं एक वाक्य कोडीनं उचलून आपल्या आईला, डेटनच्या पॉलेटला दिलं, आणि पॉलेटच्या वकिलानं ते कोर्टापुढं ठेवलं.

ते कळलं त्या दिवशी ओपलनं सुरक्षेचं सॉफ्टवेअर घेतलं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तिनं स्वतःच्या हातानं एकूण एक आगळ लावली. अनोळखी वाय-फाय दिसलं की काहीही आत येऊ द्यायचं नाही, काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि स्वतःला एक नियम घालून घेतला. मध्येच उगवलेलं पान काही मान्य करायला सांगत असेल तर वाचायचं नाही, बंद करून टाकायचं.

आज लॅपटॉपनं वाय-फाय पकडलं. क्षणभरात एक पान उगवलं, वर वाचनालयाचं चित्र, खाली मोठं बटण, ‘अटी मान्य आहेत’. ओपलनं ते बंद केलं. पुन्हा उगवलं. ‘हे पान रोखायचं का?’ असं सॉफ्टवेअरनं विचारलं, तिनं ‘हो’ दाबलं. मग कोर्टाची लिंक उघडली. पांढरा पडदा, मध्ये गोल फिरणारं चक्र. नंतर लाल अक्षरं, जोडणी सुरक्षित नाही. तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. शेजारच्या गाडीत हझेल बाई लेकाशी व्हिडिओवर हसतखेळत बोलत होत्या. म्हणजे वाय-फाय ठणठणीत होतं. सुनावणीला पंधरा मिनिटं उरली होती.

काचेवर टकटक झाली. बाहेर रँडल हेन्स्ली उभा होता. कोडीचा चुलतभाऊ, पॉलेटचा सख्खा पुतण्या. कुठल्याशा विमा कंपनीचं काम घरून करायचा, वादळापासून याच आवारातून करत होता.

ओपलनं काच बोटभर खाली केली. “काय रे?”

“मिस ओपल, मघापासून तुमची झटापट दिसतेय. लागत नाहीये ना?”

“तुझ्या काकूनं पाठवलं काय तुला, बघायला?”

“काकू डेटनला आहे. तिला मी इथं उभा आहे हेही ठाऊक नाही.” त्यानं हात काखेत दाबले. “लाल अक्षरं येतायत का? सुरक्षेचं काही घातलंय का त्यात?”

“घातलंय. कुणामुळं घातलं ते तुझ्या भावाला विचार.”

“विचारायला नको. मला माहीत आहे.” तो खाली मान घालून म्हणाला. “तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं, आधी माझा बंदिस्त रस्ता तयार होऊ दे, मग जगाशी बोलू. वाचनालय म्हणतं, आधी माझं पान मान्य कर, मग रस्ता देतो. दोघंही दारात अडून बसलेत. त्यातलं एक तुम्हालाच थोडा वेळ बाजूला करावं लागेल.”

“संरक्षण काढून टाकू? या उघड्या वाय-फायवर? आणि सांगतोय कोण, तर कोडीच्या घरातला हेन्स्ली.”

“हो, हेन्स्लीच सांगतोय. मी हात लावत नाही. तुम्हीच करा, मी इथूनच सांगतो.”

ओपलनं आवारात नजर फिरवली. दुसरं विचारावं असं कुणी नव्हतं. गेनेलला हे समजलं नसतं, आणि वेळ तर गाडीच्या काचेवरच्या वाफेसारखा विरत होता. मनात एकच येत होतं, हाच डाव असेल तर? आपण आगळ काढावी म्हणूनच याला उभं केलं असेल तर? पण लिंक लागली नाही तर मेझी गेलीच. डाव असला तर कदाचित जाईल. तिनं त्या कदाचितला धरलं.

“सांग.”

“सॉफ्टवेअर उघडा. ‘तात्पुरतं थांबवा’ दिसेल.”

ते दिसलं. दाबल्यावर पासवर्ड मागितला.

“तिकडं बघ,” ओपल म्हणाली.

रँडलनं पाठ फिरवली आणि डोंगराकडं बघत राहिला. तरीही तिनं गळ्यातली शाल की-बोर्डवर ओढली आणि तिच्याखाली अक्षरं दाबली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा लागलं. पडद्याच्या कोपऱ्यातली सॉफ्टवेअरची हिरवी ढाल करडी झाली.

“आता वाय-फाय विसरायला सांगा, आणि नव्यानं जोडा.”

जोडलं. पान आलं नाही. नुसतं पांढरं.

“खोटं बोललास तू.”

“थांबा, थांबा. मघाशी ते पान आलं होतं का? काय केलंत त्याचं?”

“बंद केलं. मग रोखलं.” तिचा आवाज बारीक झाला. “अशा पानांना मी कधीच हो म्हणत नाही.”

रँडल हसला नाही. “मग बरोबर. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक छोटी ढाल असेल, ती वेगळी असते. मोठी बंद केली तरी ती जागीच. तिच्यात रोखलेली पानं आहेत, वाचनालयाचं काढून टाका.”

छोटी ढाल सापडेपर्यंत तिचा जीव अर्धा झाला. दाबली. रोखलेलं एकच पान होतं, तिनं स्वतःच रोखलेलं. काढलं. पांढऱ्या पडद्यावर वाचनालयाचं चित्र उमटलं, आणि खाली ते बटण. ओपलचं बोट वर थांबलं.

“ते दाबायचं, मिस ओपल. त्यात दुसऱ्याला त्रास देऊ नका, घाण काही बघू नका, एवढंच लिहिलंय.”

तिनं ‘मान्य आहे’ दाबलं आणि कोर्टाची लिंक उघडली. काळ्या चौकटी दिसल्या. एकीत मॅजिस्ट्रेट बाई, एकीत पॉलेट, नीट केस विंचरलेली, मागं मोठी खिडकी. “श्रीमती टॅकेट अजून आलेल्या दिसत नाहीत, तेव्हा आपण...” मॅजिस्ट्रेट बाई म्हणत होत्या.

“मी आहे,” ओपल म्हणाली. “इथं आहे. वादळ झालं आमच्याकडं.”

“ठीक आहे. सुरू करू.”

करडी ढाल कोपऱ्यात तशीच होती. आता चालू करायला गेलं तर बोलणं मध्येच तुटेल, हे रँडलनं काचेआडून हातानं खुणावून सांगितलं. म्हणजे सगळी सुनावणी उघड्यावर. ओपलची नजर पडद्यावरून त्याच्याकडं गेली. त्याच्या ते लक्षात आलं असावं. त्यानं स्वतःचा फोन आणि लॅपटॉप काढून आपल्या गाडीच्या बॉनेटवर तिच्या डोळ्यांसमोर ठेवले, आणि तो वाचनालयाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात रिकामे, बाहेर काढलेले. हातमोजे नव्हते.

मॅजिस्ट्रेट बाईंनी ‘झेपत नाही’चं ते वाक्य मोठ्यानं वाचलं. “हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“खरं होतं?”

“त्या रात्री खरं होतं. पोरीला ताप होता, क्रिस्टलचा पत्ता नव्हता.” ओपलनं लॅपटॉप जवळ ओढला. “सकाळी उठले आणि तिला घेऊन डॉक्टरकडं गेले. ते कुणाला लिहिलं नाही, म्हणून ते तुमच्यापुढं नाही.”

बरंच विचारणं झालं. शाळा, डॉक्टर, घरात कोण येतं, कोण जातं. कोडी येतो का? नाही, कुलूप बदललंय. शेवटी मॅजिस्ट्रेट बाईंनी सांगितलं की मेझी ओपलकडंच राहील, उन्हाळ्याची सुट्टी पॉलेटकडं काढील, आणि कोडीनं दोघींपैकी कुणाचाही फोन वापरायचा नाही.

चौकटी मिटल्या. ओपलनं आधी ढाल हिरवी केली. रस्ता तयार झाला, काही अडलं नाही. मग काच पूर्ण खाली घेतली.

“रँडल, ये इकडं. बोटं निळी पडलीत तुझी.”

“चालेल मला.”

“मला चालत नाही. बस आत, हीटर चालू आहे.” तो बसल्यावर तिनं हीटरचा झोत त्याच्या हातांकडं वळवला. “काकूला काय सांगशील?”

“विचारलं तर खरं सांगेन. ओरडेल. नाताळला बोलावणार नाही.”

“मग माझ्याकडं ये. पण टेबलावर फोन ठेवायचा नाही.”

“बॉनेटवर ठेवीन,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिला हसू आलं.

ती आत गेली. मेझी गेनेलजवळ घोड्यांची चित्रं रंगवत होती. ओपल गुडघ्यांवर बसली आणि तिला सरळ सांगितलं, शाळा इथंच, उन्हाळा पॉलेट आजीकडं.

मेझीनं रंगाची कांडी खाली ठेवली. “मामॉ, तिच्याकडं पोहायचं तळं आहे ना घरात?”

“मागच्या अंगणात आहे म्हणतात.”

“मग मला पोहायचे कपडे लागतील.”

“आणू,” ओपल म्हणाली. पोर एवढ्या सहज जायला तयार झाली हे तिच्या मनाला लागलं, पण ते तिनं पोरीला दिसू दिलं नाही.