गाईच्या पोटातली सुई

पोपटाचं शेपूट तेवढं गाईच्या तोंडाबाहेर होतं. हिरव्या दोऱ्याचं, नातीनं चार दिवस कापडाची भोकं मोजून मोजून भरलेलं. मी गव्हाणीत हात घातला, कापडाचं ओलं टोक बोटांना लागलं देखील. तेवढ्यात गाईनं जीभ फिरवली आणि सगळं गिळलं. त्या कापडात सुई टोचलेली होती. गाय सात महिन्यांची गाभण होती.

नात मागून आली.

"आज्जी, माझा पोपट?"

"गाईनं खाल्ला."

"आन् सुई?"

"ती पण."

तिनं भोकाड पसरलं. मी म्हटलं, "रडायचं नंतर. आधी आईला हाक मार."

हे सगळं माझ्यामुळे झालं होतं, तेव्हा कसं झालं ते मीच सांगते.

आमची वस्ती वडगाव निंबाळकरच्या शिवारात आहे. दिवाळीची सुट्टी लागली आणि वस्तीवरची पोरं दिवसभर मोबाईलवर वाकून बसायला लागली. माझी नात तिसरीत. ती, तिचा धाकटा भाऊ आणि शेजारची तीन, अशी पाच. सून वैतागून म्हणाली, "आत्या, तुमी तरी ह्यांच्या हाताला काय तरी काम लावा. नायतर मोबाईल विहिरीत टाकते."

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. तिथं गणित फारसं जमलं नाही, पण फुलीचा टाका पक्का शिकले. आडवी भोकं मोजायची, उभी मोजायची, एक तिरका टाका खालून वर, दुसरा त्याच्यावर उलट. झाली फुली. माझ्या रुखवतात मीच भरलेलं तोरण होतं. इंदापूरकडच्या माझ्या माहेरी तेव्हा मुलीला हे येत नसेल तर लोक नावं ठेवायचे. आता कोणी ठेवत नाही, आणि ते बरंच आहे.

बारामतीला गेले तेव्हा मॅटीचं भोकाभोकांचं कापड, दोऱ्याच्या लड्या आणि बोथट सुयांची पुडी आणली. पुडीत चार सुया निघाल्या. पोरं पाच. मग पाचवी सुई माझी दिली, टोकदार. ती नातीच्या वाट्याला आली, कारण घरच्या पोरीला सांभाळता येईल असं मला वाटलं.

गोठ्याच्या शेजारी कडुनिंबाखाली आमची बैठक बसायची. मी पोरांना सांगितलं, पोपट भरा, सोपा असतो. नातीशिवाय कोणी ऐकलं नाही. एकाला ट्रॅक्टर पाहिजे होता. त्यानं भोकं मोजताना बाकीच्यांशी भांडण काढलं आणि ट्रॅक्टरला पाच चाकं झाली.

"पाचवं कशाला रे?"

"स्टेपनी हाय, आज्जी."

शेजारच्या पोरीनं स्वतःच्या आईचं तोंड भरलं. ते बघून तिची आई म्हणाली, "मी अशी दिसते व्हय?" पोरगी म्हणाली, "चिडल्यावर." आम्ही सगळे हसलो, ती बाई पण हसली, आणि ते कापड मागून घेऊन गेली. आता ते तिच्या टीव्हीवर घातलेलं आहे. माझा नातू सगळ्यांत लहान. त्यानं नुसत्याच लाल फुल्या भरल्या. विचारलं तर म्हणाला, "ही गर्दी हाय."

माझा नियम होता. उठताना सुया एका जुन्या साबणाच्या वडीत टोचायच्या आणि मी मोजायच्या. साबणामुळे सुई कापडातून सरकते पण चांगली. दुसरा नियम, कापड जमिनीवर ठेवायचं नाही. नातीनं एकदा अंगणात ठेवलं आणि शेणाचा डाग पडला, तेव्हा मी तिला चांगलीच बोलले होते. "स्वच्छ जागा बघून ठेवत जा, डोळे हायेत ना?"

त्या दिवशी संध्याकाळी डेअरीच्या गाडीनं हॉर्न दिला. सून धार काढत होती, कॅन मलाच न्यायचा होता. साबणात चार सुया दिसल्या. पाचवी नातीच्या कापडात असेल, तिचा दोरा अजून संपला नसेल, असं मनाशी धरलं आणि उठले. नातीनं माझं बोलणं ध्यानात ठेवून स्वच्छ जागा शोधली. गोठ्याच्या दाराशी नुकतंच आणलेलं उसाच्या शेंड्यांचं वाढं पडलं होतं, हिरवंगार. त्यावर तिनं घडी घालून कापड ठेवलं आणि खेळायला गेली. सुनेनं धार काढून झाल्यावर वाढ्याची कवळ उचलली आणि गव्हाणीत टाकली.

ती गाय सुनेची. लग्नानंतर माहेरून वासरू आणलं होतं, तिनंच वाढवलं. तिला कळलं तेव्हा ती नातीवर हात उगारून आली. मी मध्ये उभी राहिले.

"पोरीला हात लावू नकोस. सुया मोजणारी मी होते. टोकदार दिली ती मी. वाढ्यावर ठेवायची अक्कल पण माझीच."

सून थांबली. "मग तुमालाच मारू का आत्या?"

"मार. पण आधी डॉक्टरला फोन कर."

गुरांचा डॉक्टर माळेगावकडून मोटरसायकलवर आला. आधी विचारलं, सुई बोथट का टोकदार. मी सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. मग कापडाचं विचारलं.

"सुती का पॉलिस्टर?"

"सुती."

"मग ते जाईल विरून. सुईचंच बघायचं. पोटाच्या पुढच्या कप्प्यात लोखंड जाऊन पडतं. तितं काळीज जवळ असतं, मावशी. सुई पुढं सरकली की खेळ संपला."

पिशवीतून त्यानं बोटाएवढं लोहचुंबक काढलं. माझ्या मुलानं गाईचं तोंड धरलं, डॉक्टरनं नळीनं चुंबक घशात सारलं आणि गाईनं ते गिळलं. सुई त्याला चिकटली तर वाचली, नाही तर नाही, असं त्यानं सरळ सांगितलं. इंजेक्शनं दिली. आणि गाईचे पुढचे पाय आठ दिवस उंचावर ठेवा म्हणाला, म्हणजे सुई पुढं जाणार नाही.

विटा पोरांनी वाहिल्या. बांधकामातल्या उरलेल्या होत्या विहिरीजवळ. पाचही जणांनी एकेक, दोनदोन आणून गोठ्यात रचल्या, वर माती टाकून तुडवली. गाय पुढचे पाय वर करून उभी राहिली तर पुढारी भाषणाला चढल्यासारखी दिसायला लागली. माझा नातू म्हणाला, "बोल की आता." डोळे पुसता पुसता नात हसली.

दुसऱ्या दिवशी गाईनं वैरण सोडली. पाठ वर काढून उभी राहायची, कण्हायची. दूध निम्म्यावर आलं. रवंथ बंद. सून तिच्या तोंडासमोर कोवळा घास धरून तासभर उभी राहिली, गाईनं वास सुद्धा घेतला नाही. पोरं सकाळी आली ती भरतकाम न काढता गोठ्याच्या दाराशी बसली. मी म्हटलं, "बघत बसून गाय बरी होत न्हाय. सुया घ्या." नात म्हणाली, "मी सुईला हात लावणार न्हाय, कधीच."

मी जोर केला नाही. मला पण त्या दिवशी दोरा ओवता आला नाही, पण त्याला डोळे कारण आहेत.

तिसऱ्या दिवशीही तसंच. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला. चौथ्या दिवशी दुपारी नातू ओरडत आला, "आज्जी, गाय चिंगम खातीय!"

धावत गेलो. गाय रवंथ करत होती. जबडा सावकाश इकडून तिकडे फिरत होता. सुनेनं तोंडाला पदर लावला आणि खालीच बसली. पोरांनी इतका गोंधळ केला की गाय दचकली, मग मी सगळ्यांना बाहेर हाकललं. संध्याकाळी तिनं अर्धी पाटी वैरण खाल्ली.

आठवड्यानं डॉक्टर परत आला. खिशातून होकायंत्र काढलं आणि गाईच्या छातीजवळ नेलं. त्यातला काटा गर्रकन फिरला. चुंबक जागेवर होतं, गाय ठणठणीत होती, म्हणजे सुई त्यानं धरली होती. पोरांना ते इतकं आवडलं की प्रत्येकाला काटा फिरवून बघायचा होता. डॉक्टर भला माणूस, पाचही जणांना फिरवू दिला. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना त्याला स्टेपनीसकट ट्रॅक्टर देऊन टाकला. डॉक्टर म्हणाला, दवाखान्यात लावतो.

त्यानंतर दोन दिवसांनी नात साबणाची वडी घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "बोथट दे." दिली. सुया आता तीच मोजते, दोनदा, आणि मोठ्यानं. मला उठू देत नाही तोवर.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले आणि गाय व्यायली. सुनेनं कालवड ओढून काढली, मी पोत्यानं पुसली. तासाभरात ती पायावर उभी राहिली. गाय जगली, कालवड पण जगली.