बुरशीचे विरजण

"चाळीस वर्षं लोणच्याच्या बरणीला बुरशी लागू दिली नाय म्या, आन् तू मला ती पोसायला सांगतूस व्हय?"

आक्का असे म्हणाली तेव्हा मला हसू आवरले नाही. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पैठणच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला तिचे भाजीपाल्याचे शेत आहे. मी शहरात, कृषी खात्याच्या नोकरीत. त्या वर्षी पाऊस लांबला आणि तिच्या पालकावर गोल ठिपके पडले. कडा तांबूस, मध्ये राख. पालेभाजीचे सगळे रूप पानात असते. ठिपक्याची जुडी गिऱ्हाईक हातातसुद्धा घेत नाही. औषध मारून चार दिवसांत भाजी बाजारात पाठवणे तिच्या जिवावर येई. "आपल्या शेतातली भाजी आपुनच खायला भ्यायचं, हे काय जगणं हाय?" असे ती विचारी. म्हणून मी तिला मित्रबुरशी सुचवली.

ट्रायकोडर्मा हे तिचे पुस्तकी नाव. रोगाच्या बुरशीची जागा आणि अन्न ती बळकावते, प्रसंगी तिलाच खाऊन टाकते. कुजलेल्या ओलसर शेणखतात तिच्या पावडरीचे पाकीट मिसळावे, ढीग सावलीत गोणपाटाने झाकावा, रोज बेताचे पाणी शिंपडावे. दहा-बारा दिवसांत ती वाढते. आधी पांढरी, मग हिरवी. ते खत वाफ्यांत घालावे आणि थोडी पावडर राखून संध्याकाळी पानांवर फवारावी. हे सारे मी भाषणात सांगतो तसे सविस्तर सांगितले.

"म्हंजी विरजण," आक्का म्हणाली.

अर्ध्या तासाचे भाषण तिने एका शब्दात संपवले. पण विरजण म्हटल्यावर हाताचा प्रश्न आला. आमच्याकडे दही लावायचे, पेरणीची पहिली मूठ टाकायची, ती हातगुण पाहून. तिच्या सुनेच्या लग्नाला अजून वर्ष झाले नव्हते. नवरात्रातले घट तिने पेरले होते आणि ते तरारून आले होते.

"हीच लावंल," आक्का म्हणाली. "घट बघितलं न्हवं का, कसं आलं व्हतं!"

सुनेने पदर सावरला आणि मान खाली घातली. पण तिला झालेला आनंद मला दिसला. नव्या घरात आपला हात मानला जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

दसऱ्यानंतर मी पाकीट विकत घेतले. प्रत्येक प्रशिक्षणात मी एक वाक्य हमखास बोलतो, "ही पावडर नाही, हा जीव आहे, उन्हापासून जपा." तेच पाकीट मी गाडीच्या डिकीत टाकले आणि विसरलो. चार दिवस गाडी कार्यालयासमोर ऑक्टोबरच्या उन्हात उभी होती. पाचव्या दिवशी शेतावर जाऊन ते मी सुनेच्या ओंजळीत ठेवले.

बाराव्या दिवशी आक्काचा फोन आला. "नुसतं शेण हाय रे. पांढरं नाय, हिरवं नाय."

त्याच क्षणी मला डिकी आठवली. पत्रा इतका तापत असे, की झाकण उघडताना हात पोळे. हे सारे डोळ्यांसमोर असताना मी शांतपणे म्हणालो, "होतं असं कधी कधी. पाणी कमी-जास्त झालं असेल."

आजवर मी पुष्कळ खोटे बोललो असेन. पण इतक्या मऊ आवाजात आणि इतक्या सहज दुसऱ्याच्या माथी दोष ठेवणारे वाक्य मी दुसरे बोललो नाही. पाणी शिंपडणारा हात कोणाचा होता, हे मला ठाऊक होते.

भाऊबिजेला मी गेलो तो एसटीने. नवे पाकीट ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, वाटभर मांडीवर धरले होते. माझा हिशेब सरळ होता. या वेळी बुरशी वाढेल, मागचे विसरले जाईल, आणि मला काही बोलावे लागणार नाही.

आक्काने ओवाळले. जेवताना मी दही मागितले. आक्का स्वतः उठली.

"आता विरजण म्याच लावते," ती सहज म्हणाली. "हिच्या हाताचा भरवसा नाय राहिला."

"आणि ते घट?" मी विचारले.

"घटाला देवी असती. शेणात नुसता हात व्हता."

सून चुलीपाशी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

जेवणानंतर आक्काने डबा उघडला आणि पाकीट आपल्याकडे घेतले. "ह्या टायमाला म्या कालवते. बघ कशी येती ती."

तेव्हा मला माझ्या हिशेबातली चूक दिसली. पाकीट चांगले होते. बुरशी येणारच होती. ती आक्काच्या हाताने आली असती, तर सुनेचा हात वाईट, हे त्या घरात कायमचे सिद्ध झाले असते. माझे प्रायश्चित्तच तिची शिक्षा ठरले असते.

"आक्का, थांब," मी म्हणालो. "मागचं पाकीट माझ्या गाडीत मेलं होतं. चार दिवस डिकीत, उन्हात. तू फोन केलास तेव्हाच मला कळलं होतं. पाण्याचं मी खोटं बोललो."

"साऱ्या जगाला शिकवत फिरतूस," आक्का हळूच म्हणाली, "आन् ऐन दिवाळीत ही पोर दुधाच्या भांड्याला शिवली नाय. म्याच शिवू दिलं नाय."

मी सुनेची क्षमा मागितली. तिने हात पदराला पुसले.

"मामा, म्या पाणी मोजून मारत व्हते," ती म्हणाली. "रोज तीन तांबे. एक दिस चुकवला नाय."

तिने मोजले असेल, ही शंकासुद्धा मला शिवली नव्हती.

आक्काने पाकीट तिच्या हातात दिले. सगळे ढिगाकडे निघालो, तशी आक्का माझ्याकडे वळली. "तू लांब उभा ऱ्हा. ह्या घरात हातगुण नसंल तर तो तुझा."

मी निंबाखाली उभा राहिलो. तेराव्या दिवशी फोनवर आक्काचा आवाज आनंदाने चढला होता. "हिरवंगार झालंय रे, साबणाच्या फेसावानी फुललंय!"

ठिपके समूळ गेले, असे मी म्हणणार नाही. जुन्या, खालच्या पानांवर ते अजून दिसतात. ती पाने खुडून शेताबाहेर नेतात. पण नवे पान आता स्वच्छ निघते, आणि आक्काच्या घरी पालकाची भाजी होते. घरातले दही पुन्हा सून लावते. त्यानंतर ढिगाला हात लावण्याची मला आजवर परवानगी मिळालेली नाही, आणि मी ती मागितलेलीही नाही. पाकीट आणून देण्याचे काम मात्र माझ्याकडेच ठेवले आहे.

मी डबा पुढे केला की सून तो लगेच घेत नाही. पदराआड हसत आधी विचारते, "मामा, डिकीतलं का मांडीवरलं?"

"मांडीवरलं," मी सांगतो. मग ती डबा घेते आणि मला पाणी देते.