वळणावरची फटफट

सलीमभाईंच्या गॅरेजात गाडी नेली की दुरुस्तीला वेळ लागतो, किस्से मात्र लगेच साचतात. माझ्याच मोटारसायकलचे केवढे झालेत!

हौसेनं सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला. एका संध्याकाळी ढोकीजवळ उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना गाडीनं ऐनवेळी दम सोडला. समोरून टेम्पो! कसाबसा मागं आलो. घरी पोचलो. फक्त बायकोला सांगितलं आणि बजावलं, "आबांना कळू देऊ नको." आबा म्हणजे माझे वडील.

*

सलीमभाई म्हणाले, "हवा लई जातीय, पेट्रोल तेवढंच. इंजिन उपाशी हाय. डबा बसवावा लागंल."

डबा म्हणजे इंजिनात जाणारं पेट्रोल वाढवणारा फ्युएल ट्यूनर. त्याचे दोन प्रकार. एकाची सेटिंग ठरलेली, दुसऱ्याची मोबाईलवरून बदलता येणारी.

"चुकीचा निवडला तर?"

"मग पुन्हा बंद पडंल," ते शांतपणे म्हणाले. माझी झोप उडाली ना!

*

मित्र विक्यानं मोबाईलवाला बसवला होता. रोज नवा व्हिडिओ, रोज नवी सेटिंग. एकदा जळकोटजवळ हायवेला गाडी लावून हा बसलेला.

"काय रं, पेट्रोल संपलं?"

"न्हाय, मोबाईलची बॅटरी!"

बॅटरी संपली तरी सेटिंग तशीच राहते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

*

शेवटी सलीमभाईंनाच विचारलं, "तुमीच सांगा, कुठला घेऊ?"

"लगीन झालंय?"

"व्हय."

"मग ठरलेल्या सेटिंगचा घे. तुला सवय हाय!"

*

आमच्या आबांना गाडीचा भारी राग. वळणावर रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट व्हायची. आबा ओसरीवरून ओरडायचे, "आले साहेब! आता अख्ख्या गावाला कळलं!"

मी म्हणालो, "आबा, डबा बसला की ती फटफट पण बंद होतीय."

"मग बसीव की एकदाचा!"

*

बसवला. घाबरत घाबरतच ट्रॅक्टर ओव्हरटेक केला. गाडी जराही अडखळली नाही! एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. वळण गुपचूप पार केलं, घरी आलो, तर ओसरी रिकामी. आबा मागनं चालत आले, वळणाकडून, घामाघूम.

"कवा आलास? कळलंच न्हाय."

"आत्ताच. तुमी कुठं गेलतात?"

"आसंच," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो, तर स्टुलावर आबा! सलीमभाई डोकं खाजवत त्यांना सांगत होते,

"आबा, डबा चांगला लागलाय. गाडी आता बंद पडायची न्हाय."

"ते बरं झालं. ट्रॅक्टरचं मला सूनबाईनं सांगितलंय," आबा माझ्याकडं न बघता म्हणाले. "पण सलीम, वळणावर दोनदा तरी फटफट करंल, आसा एखादा डबा न्हाय का?"