वीरांचं धुणं

मॅबिला ही गावची म्हातारी परटीण. ऐन तरुणपणी ती जेरुसलेम सोडवायला निघालेल्या फौजेबरोबर गेली होती. बायकांपैकी फक्त धुणंवालींनाच तशी परवानगी होती. आता मठातले ब्रदर ओदों त्या धर्मयुद्धाचा इतिहास लिहीत होते. त्यांनी नदीवर येऊन तिला एक पान वाचून दाखवलं, "वीर गात गात एकर शहराच्या तटावर चढले."

मॅबिलानं चादर पिळून दगडावर टाकली. "कुठलं गाणं हो? हगवण लागली होती सगळ्यांना. माझा नवरा त्यातच गेला. ते लिहा."

"आजी, इतिहासात हगवण कशी लिहू?"

"नका लिहू," ती दमून म्हणाली. "पुढच्या खेपेला हे वाचून दाखवून गावातली पोरं युद्धाला न्याल, तेव्हा त्यांचं धुणं धुवायला मात्र तुम्ही जा."