चिनी गुलाबाच्या चार काड्या

अब्बांच्या कबरीवर लावलेली रोपं मी रोज कॅनभर पाणी घालून दोनदा कुजवली. कळंब्याच्या रस्त्याला रोपांचा हातगाडा लावणाऱ्या म्हाताऱ्याला हे सांगितलं. तो हसला नाही. चिनी गुलाबाच्या चार काड्या मोडून त्यानं कागदात गुंडाळल्या.

“भर उन्हात खोचा. आठवड्यातनं एकदा तांब्याभर पानी. जास्त माया सोसत न्हाय ह्याला, पावणं.”

हात आवरणं जड गेलं, पण आवरला. महिन्याभरानं रखरखत्या उन्हात कबरीवर गुलाबी फुलं पसरलेली दिसली आणि जीव भांड्यात पडला. तसाच म्हाताऱ्याकडे गेलो.

खांद्यावरच्या टॉवेलनं पानांवरची धूळ झटकत तो म्हणाला, “मग आता कॅन घरी ठेवा की. नुसतं भेटाय जावा.”

त्या शुक्रवारी मी पहिल्यांदाच अब्बांजवळ रिकाम्या हातांनी बसलो.