रैनूच्या गावाकडची जीप

त्या वर्षी माझी पोस्टिंग उत्तरेत, बर्फाच्या पट्ट्यात होती. मी व्हेईकल मेकॅनिक, हुद्दा नायक. हिवाळ्यात रजा मिळाली तेव्हा घरी पोंभुर्ण्याला दोन दिवस थांबलो आणि मग सुभेदार धोटे साहेबांकडे गेलो. साहेब आमच्याच युनिटचे. पेन्शनीवर येऊन धानाची शेती बघत होते. लिलावातली एक जुनी पेट्रोल जीप त्यांनी घेतली होती.

"साहेब, रैनूच्या गावी जायचं आहे," मी म्हणालो.

"मीही तेच म्हणणार होतो. उद्या निघू."

सिपाही ड्रायव्हर रैनू मडावी मुलचेऱ्याच्या पुढच्या जंगलातला. मागच्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या आईला भेटून काय घडलं ते सांगणं माझ्याकडे होतं. पत्रात लिहिण्यासारखं ते नव्हतं.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. रस्ते मात्र जुनेच होते. वाटेत जीप दचके देत चालली. मागून काळा धूर, पेट्रोल भरपूर खायची. मी टेंपरेचरच्या काट्याकडे पाहिलं. तो अगदी खाली, 'थंड'च्या खुणेवर पडलेला.

"काटा उठतच नाही का साहेब?"

"दिवाळीपासून असाच आहे. इंजिन थंड राह्यते तं चांगलंच हाये ना?"

मी बॉनेट उघडायला सांगितलं नाही. गाडी आपली नव्हती आणि साहेब माझे सुभेदार होते.

गावात पोचलो तर रैनूची आई तापानं फणफणलेली. श्वास घेताना छाती वाजत होती. रैनूची बहीण सोमी तिच्या उशाशी होती. "तीन दिवस झाले भाऊ, काही खाऊन नाई राह्यली," ती म्हणाली. मी जे सांगायला आलो होतो ते तसंच राहिलं. साहेबांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं आणि ऑर्डर दिली, "पहाट झाली की चंद्रपूर. मोठा दवाखाना."

उजाडताना निघालो. धुकं दाट होतं. मागच्या सीटवर सोमी, तिच्या मांडीवर आईचं डोकं. जंगलात एका नाल्यातून वर चढताना जीपनं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि बंद पडली. साहेबांनी सेल्फ मारला. नाही. पुन्हा मारला. नाही.

"बॅटरी वाचवा साहेब," मी म्हणालो आणि खाली उतरलो.

प्लग काढले. चारही काजळीनं काळे, वर पेट्रोलनं ओले. डिपस्टिक काढून नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास. म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जात होतं आणि पुरतं जळत नव्हतं. आता प्रश्न एकच. काटा खोटं बोलतोय की इंजिन खरंच थंड आहे? इंजिनच्या हेडवरच्या, काट्याला तापमान कळवणाऱ्या सेंडरची वायर काढून बॉडीला टेकवली.

"साहेब, इग्निशन ऑन. काटा?"

"पार वर गेला."

"ऑफ."

म्हणजे काटा बरोबर होता. इतकं चालूनही हेडवर हात ठेवून राहता येत होतं.

"थर्मोस्टॅट कोणी काढला?"

"मीच काढाले लावला. मे महिन्यात पाणी उकळून राह्यलं होतं."

आमच्या भागात उन्हाळ्यात हे सर्रास करतात. पण थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची झडप आहे. इंजिन तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती नसली की थंडीत इंजिन कधी तापतच नाही, पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि प्लग भिजतात.

सोमीनं विचारलं, "आता काऊन थांबलो भाऊ? माय लय कन्हून राह्यली."

"पोतं आहे का?"

सीटखाली धानाचं रिकामं पोतं होतं. प्लग पुसून, काडीनं खरवडून बसवले. पोतं दुमडून रेडिएटरच्या पुढं सुतळीनं बांधलं.

"पूर्ण झाका," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. अर्धंच. चंद्रपूरपर्यंत ऊन वाढेल."

ही युक्ती माझी नव्हती. वर बर्फात रैनू रोज सकाळी आपली घोंगडी ट्रकच्या जाळीवर बांधायचा. मी हसलो की म्हणायचा, "गाडीले बी अंग असते, रामटेके भाऊ."

तिसऱ्या सेल्फला इंजिन सुरू झालं. चोक हळूहळू आत सारला. नाला चढून वर आलो तेव्हा काटा हलला. आष्टीच्या आधीच तो मधोमध आला आणि धूर थांबला. साहेब रस्ता सोडून काट्याकडेच बघत होते. पुढं ऊन चढलं तेव्हा मी उतरून पोतं सोडलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. वेळेत आणलं. चौथ्या दिवशी म्हातारी उठून बसली, पेज प्यायली. मग मी तिच्या खाटेशी स्टूल ओढलं आणि सांगितलं. ती गोंडी बोलणारी, म्हणून सोमी मध्ये बसली.

आमचा गाड्यांचा कॉन्व्हॉय वर चढत होता. रैनूची गाडी तिसरी, मी चौथीत. वरून बर्फ सुटलेला त्याला आधी दिसला. तो वेगानं पुढं निघून गेला असता तर वाचला असता. पण त्याच्या मागं आम्ही वळणावर आंधळे येत होतो. त्यानं ब्रेक मारला, गाडी आडवी घातली आणि हॉर्न दाबून धरला. आम्ही जागच्या जागी थांबलो आणि बर्फ आमच्या पुढ्यात कोसळला. पुढच्या गाडीतून वायरलेस सेटवर आवाज आला.

"तीन नंबर दिसत नाही."

"पुन्हा सांगा."

"तीन नंबर रस्त्यावर नाही. ओव्हर."

म्हातारीनं सगळं ऐकलं. रडली नाही. मग सोमीला काहीतरी विचारलं. सोमीला ते मराठीत सांगायला वेळ लागला.

"माय विचारते, त्याले थंडी वाजली काय?"

आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी बर्फातून बाहेर काढलं होतं. माझ्याच हातांनी.

"नाही," मी म्हणालो. "सांग तिला, नाही."

सोमी आईजवळ सरकली. माझा तो एक शब्द ती गोंडीत बराच वेळ सांगत होती. तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. म्हातारीनं माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ चोळत राहिली.