गोफणीचा हात

कारेगावात कंपन्यांची शिफ्ट सुटली की पोरींचा लोंढा ज्या गल्लीत शिरतो, त्या गल्लीत साधनाचं पार्लर आहे. एक शटर, दोन खुर्च्या, आरशाला तडा आणि तडा दिसू नये म्हणून त्यावर चिकटवलेला कागदी मोर. भुवया आणि फेशियल काय, चार दुकानं सोडून कुठंही होतं. साधनाकडे पोरी यायच्या त्या वेणीसाठी. तिनं घातलेली वेणी रात्रपाळी करून, झोपून उठून परत कामावर गेलं तरी जागची हलायची नाही. "साधनाताईची वेणी म्हंजी वेल्डिंग हाय," असं एक पोरगी बोलून गेली आणि ते नाव गल्लीभर झालं. साधना वरवर चिडायची, पण आतून फुगायची. हाच फुगा एका सकाळी फुटायची वेळ आली.

हा हात तिला पार्लरच्या कोर्सनं दिलेला नव्हता. तिचे वडील ज्ञानू मेंढरं घेऊन घोड नदीच्या काठानं हिंडले आणि म्हातारपणी इनामगावच्या शिवारात थोडी जमीन करून बसले. मेंढरं गेली, गोफण विणायची सवय गेली नाही. लोकरीच्या दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं आणि पेड ओढून ओढून आवळायचे. मधे दगड ठेवायची झोळी आली की पेड वाढवायचे, पुढं परत कमी करायचे. लेक शेजारी बसून तेच करायची. जरा ढिलं पडलं की म्हातारा म्हणायचा, "आवळ अजून. ढिली गोफण दगड आपल्याच टाळक्यात घालती." साधनानं हे इतकं मनावर घेतलं की पुढं जे हातात आलं ते तिनं आवळलं. सुतळी, वेण्या आणि नवऱ्याच्या बोलण्याप्रमाणे संसारही.

मग आबिओला आली. नायजेरियाची बाई. नवरा मशीन बसवण्याच्या कामावर, बिऱ्हाड सणसवाडीला. डोक्याला कायम रंगीत फडकं. पहिल्या दिवशी ती खुर्चीत बसली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, मागच्या बाजूला माझा हात पोचत नाही, मी सांगते तसं करशील का? साधनानं आयुष्यात तसले केस हाताळले नव्हते. पण नाही म्हणायची तिची जात नव्हती.

त्या वेण्या खाली लोंबत नाहीत, डोक्याला चिकटून चालतात. तीन पेड घ्यायचे, आणि प्रत्येक वळशाला कातडीजवळची एक चिमूट केस त्यात मिसळायची. चिमूट मोठी होत गेली की वेणी रुंदावते, लहान होत गेली की निमुळती होते. प्रत्येक चिमूट जराशी एका अंगाला घेतली की वेणी आपोआप गोल फिरते. नक्षी कुठं काढलेली नसते, एकाच रीतीतून ती निघत जाते. आबिओला म्हणाली, हे गणित आहे, आमच्याकडे पोरांना यावरून भूमिती शिकवतात. साधनाला दहावीत गणितानंच घरी बसवलं होतं. पण तिला झोळीचे पेड वाढवणारा बाप आठवला आणि तिला हे गणित एका दमात कळलं.

हात चालत असताना आबिओला सांगत राहायची. त्यांच्याकडे वेणीवरून बाई कुठल्या घरची, लग्नाची की बिनलग्नाची, ते ओळखायचे. वर टाळूकडे चढत जाणाऱ्या वेणीला शुकू म्हणतात, ती एके काळी राजाच्या बायकांचीच. मानेवर संपते ती कोलेसे, म्हणजे पाय नसलेली. पुढं माणसांना गुलाम करून जहाजात घातलं, तेव्हा आधी त्यांची डोकी भादरली. मग कोण कुणाचं ते कसं ओळखणार? पण केस परत वाढले आणि बोटांना रीत आठवत होती. समुद्रापलीकडच्या काही लोकांत अजून सांगतात, की पळून जाणाऱ्या बायांनी वेणीत भाताचे दाणे लपवून नेले आणि रानात पेरले. इंग्रजीत या वेण्यांना मक्याच्या ओळी म्हणतात, आणि काही बेटांवर उसाच्या ओळी. साधना एवढंच म्हणाली, "मंग आमच्या दौंडला ऊस लावून सगळ्या रानाच्या वेण्याच घातल्यात की."

एकदा साधनानं तिच्या मागच्या ओळी अशा आवळल्या की आबिओलानं तिचा हात धरला. पुढच्या बाजूला तसंच ठेवलेलं फडकं काढलं आणि कानशिलं दाखवली. तिथं दोन्ही बाजूंना केसच नव्हते, नुसती चकचकीत कातडी. "मेरी मौसी का हाथ," ती म्हणाली. मावशीचा घट्ट हात सगळ्या गावात नावाजलेला होता. मग तिनं साधनाच्या बोटांवर टिचकी मारली. "टाइट नहीं. पास-पास." साधना हसली आणि विसरून गेली. कंत्राट संपल्यावर आबिओला नवऱ्याबरोबर परत गेली.

आता सुषमा. साधनाच्या भावाची, संपतची पोरगी. सोळा वर्षांची, हौसराव वस्तादांच्या तालमीत मॅटवर कुस्ती खेळणारी. मागच्या फेरीत न्हावऱ्याला तिचा अंबाडा सुटला, केस डोळ्यांवर आले, हात केसांकडे गेला आणि समोरच्या पोरीनं तेवढ्यात पाय धरून पट काढला आणि कुस्ती मारली. केस कापले असते तर प्रश्नच नव्हता. पण तिची आई भामाबाई आडवी आली. पोरीच्या केसाला कात्री लागली तर कुस्ती बंद, आणि परत केसापायी हरली तरीही कुस्ती बंद. भामाबाईचा शब्द म्हणजे घरातला कायदा, संपत त्यावर फक्त मान हलवायचा. पिना लावून मॅटवर जाता येत नाही, रबर टिकत नाही. राहिली होती ती एकच वाट, आत्याच्या हातची वेणी.

दौंडला निवड चाचणी होती त्या सकाळी मायलेकी पार्लरला आल्या. वस्तादांची जीप अकराला येणार होती. भामाबाई दारातल्या बाकड्यावर बसली, हात पदराखाली घेऊन, जणू निकाल द्यायलाच आली होती. साधनानं नऊ ओळींचा हिशेब केला, कपाळापासून मानेपर्यंत. भांग पाडला आणि हात सुरू झाला.

चार ओळी झाल्या. काय दिसत होत्या! साधना स्वतःवरच खूश झाली. आरशात नजर गेली तेव्हा तिला सुषमाच्या भुवया वर चढलेल्या दिसल्या. पोरगी डोळे मिटायला गेली की कपाळाची कातडी आखडत होती आणि पापण्या नीट मिळत नव्हत्या. भांगाच्या कडेनं पांढरे बारीक फोड उठले होते.

"दुखतंय का गं?"

"न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई म्हणलं ना, आत्या." सुषमानं आरशातून बाकड्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

साधनाची बोटं थांबली. या पोरीनं खांदा निखळला तरी 'न्हाई'च म्हटलं असतं, कारण घरात 'दुखतंय' म्हटलं की उत्तर ठरलेलं होतं. मग सोड कुस्ती. आणि आता तिला दुखवत होता तो आत्याचा नावाजलेला हात. साधनाला आबिओलाची ती चकचकीत कानशिलं दिसली. आणि तेव्हा कुठं तिला त्या टिचकीचा अर्थ लागला. गोफणीत दगडाचा सगळा जोर दोन दोऱ्यांवर येतो, म्हणून त्या आवळाव्याच लागतात. ही वेणी तशी नाही. तिची प्रत्येक चिमूट डोक्यातच रुजलेली असते. चिमटी जवळजवळ घेतल्या तर ओढ सगळ्यांत वाटली जाते, एकीलाही ताणावं लागत नाही. ती इतके दिवस डोक्याची गोफण करत होती.

घड्याळात दहा वाजून गेले होते. तिनं पहिली ओळ शेवटापासून सोडायला घेतली.

भामाबाई उठलीच. "वन्सं, ह्ये काय? झालेलं इस्कटताय का?"

"चुकलंय, वैनी."

"मला तर चांगलं दिसतंय."

"दिसतंय चांगलंच. पर तिच्या डोक्याला सोसत न्हाई."

"ती तर न्हाई म्हणती."

"ती म्हणायची न्हाई," साधना म्हणाली, आणि पुढची ओळ सोडायला घेतली.

चारही ओळी सुटल्या. पोरीनं पहिल्यांदा पापण्या पुऱ्या मिटल्या. नऊ ओळी आता होणं शक्य नव्हतं. साधनानं पाच धरल्या. ओळी रुंद झाल्या म्हणजे वजन वाढणार, म्हणून चिमटी आणखी जवळ. डोकं काही सपाट वावर नाही, उतारावरच्या रानात नांगराचे तास वळवून घ्यावे लागतात, तशा तिनं त्या टाळूपाशी पसरवल्या आणि मानेशी परत जवळ आणल्या. हात सारखा आवळायला जात होता. तीस वर्षांची सवय, ती काय एका सकाळीत सुटते? दर चिमटीला ती मनात म्हणत होती, पास-पास, पास-पास. कपाळावरून घाम नाकावर आला तरी पुसायला हात मोकळा नव्हता.

तिसरी ओळ मानेला टेकली आणि बाहेर हॉर्न वाजला. हौसराव वस्ताद दारात आले. "झालं का? वजनाला उशीर झाला तर पोरगी बाद. तिथं माझं कोण ऐकायचं न्हाई."

साधनानं कंगवा आणि लोकरीचा दोरा पिशवीत टाकला, शटर ओढलं आणि जीपमध्ये सुषमाच्या मागं बसली. चौथी ओळ शिरूरच्या अलीकडे झाली. न्हावऱ्याच्या पुढच्या खड्ड्यांत पाचवी दोनदा वाकडी गेली आणि दोनदा सोडावी लागली. भामाबाई खिडकीबाहेर बघत होती आणि प्रत्येक वेळी ओळ सुटली की तिचा जबडा आवळत होता. मानेवर लोंबणारी शेपटं तशीच ठेवली तर समोरचीच्या हातात आयती सापडणार, म्हणून साधनानं दौंडला उतरल्यावर लिंबाखाली बसून ती लोकरीच्या दोऱ्यानं वेण्यांच्या खाली शिवून टाकली. कोलेसे, पाय नसलेली. वजन झालं, वेळेत झालं.

सुषमानं दोन कुस्त्या मारल्या. शेवटची राहिली. समोरची पोरगी अंगानं भरलेली, वयानंही थोडी मोठी. न्हावऱ्याला सुषमाचे केस सुटल्याची तिला खबर असावी, कारण पहिल्यापासून तिचा हात सुषमाच्या मानेवर, डोक्यावर घासत होता. साधनाला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. ती फक्त डोक्याकडे बघत होती. पाठ टेकू नये म्हणून सुषमा अंगाची कमान करून पुलावर गेली, सगळं वजन टाळूवर आलं, डोकं मॅटवर रगडलं गेलं, आणि साधनानं पदर दातात धरला. ती उठली तेव्हा पाचही ओळी जागच्या जागी होत्या. समोरचीचा हात परत मानेमागं गेला, धरायला काहीतरी शोधत राहिला आणि निसटला.

एका गुणानं सुषमा हरली. शेवटच्या क्षणी समोरचीनं तिला रेषेबाहेर ढकललं, बस्स. निवड गेली.

सुषमा टॉवेलात तोंड घालून आईसमोर येऊन उभी राहिली. आता काय ऐकायचं ते तिला ठाऊक होतं. भामाबाईनं टॉवेल बाजूला केला, बोटं तिच्या डोक्यावरून पहिल्या ओळीपासून पाचवीपर्यंत फिरवली आणि बराच वेळ तिथंच ठेवली.

"एक केस सुटला न्हाई," ती वस्तादांना म्हणाली. "ही कुस्तीनं हरली. केसानं न्हाई हरली. पुढची चाचणी कवा हाय?"

साधना भर मैदानात रडली, आणि कुणी बघतंय का याची तिला पर्वा नव्हती.

पुढच्या चाचणीच्या आधी भामाबाई एकटीच पार्लरला आली. दर वेळी तुमच्या दारात कशाला, म्हणाली, मलाच शिकवा. मग दुसऱ्या दिवशी सुषमाला आणून खुर्चीत बसवलं. भामाबाईनं तीन पेड घेतले, पहिली चिमूट घेतली आणि मेंढरं राखलेल्या घराण्याच्या रीतीनं ओढून आवळली. साधनाचं तोंड उघडलं होतं, पण ती गप्प राहिली. ती आरशात पोरीकडे बघत होती.

सुषमानंही आरशातच बघितलं, पण साधनाकडे नाही, आईकडे.

"आई, दुखतंय."

भामाबाईचा हात थांबला. मग तिनं पेड ढिला केला आणि विचारलं, "आता?"